स्वीडनची तांब्याची जुनी नाणी जमवायचीत? आधी वजनकाटा घ्या

गोथेनबर्गला येऊन दुसरा उन्हाळा चालू होता. एका लोप्पिसमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, एका बाईंच्या टेबलावर चिनीमातीच्या बशीत काळपट नाणी पडली होती. त्यातलं एक मी उचललं. मुकुट, खाली एकमेकांवर फुली मारलेले दोन बाण आणि 1734. घरी आणून आपल्याला लहानपणापासून शिकवलं तेच केलं. चिंच कोळली, मीठ टाकलं, दोन मिनिटं घासलं. नाणं देवघरातल्या गडव्यासारखं लखलखलं. फोटो काढून सांगलीला आईला पाठवला, तिने कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात तेच नाणं नाणेसंग्राहकांच्या बैठकीला नेलं. तिथल्या एका आजोबांनी ते हातात घेतलं आणि बघायच्या आधी छोट्या काट्यावर ठेवलं. 4.6 ग्रॅम. "वजन बरोबर आहे," म्हणाले. मग भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी विचारलं, "कशाने धुतलंत?"

तीनशे वर्षांत चढलेली त्वचा मी दोन मिनिटांत सोलून काढली होती. हा लेख त्या नाण्याची भरपाई आहे असं समजा. गेल्या काही वर्षांत मी ज्या क्रमाने चुकले, त्याच्या उलट क्रमाने पायऱ्या लिहिल्या आहेत.

1. आधी तांब्याची गोष्ट समजून घ्या

ही पायरी गाळावीशी वाटेल. गाळू नका, कारण स्वीडनची ही नाणी इतकी वेडीवाकडी, जड आणि गोंधळाची का आहेत याचं उत्तर इथेच आहे.

स्वीडनच्या डालार्ना प्रांतात फालुन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीतून सतराव्या शतकात युरोपच्या एकूण तांब्यापैकी दोन तृतीयांशापर्यंत तांबं निघायचं. 1650 साली उत्पादन 3,000 टनांच्या आसपास गेलं होतं. स्वीडिश खेड्यांतली ती लाल रंगाची लाकडी घरं पाहिलीत ना? तो रंगही याच खाणीच्या टाकाऊ मातीतून आला. 1687 च्या उन्हाळ्यात खाण कोसळली आणि एक प्रचंड खड्डा पडला, तो आजही बघता येतो. खाण 1992 साली बंद झाली, 2001 पासून ती जागतिक वारसा आहे.

तांबं उदंड, पण चांदीची चणचण. त्यात डेन्मार्कशी झालेल्या युद्धानंतर 1613 च्या तहात स्वीडनला आपलाच एल्व्सबोर्ग किल्ला सोडवायला दहा लाख रिक्सडालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, मोजावे लागले. तो किल्ला आमच्या गोथेनबर्गच्याच तोंडावर होता. देशभर कर बसवून 1619 पर्यंत ती रक्कम फेडली. मग राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ याने 1624 साली तांब्याची नाणी पाडायला सुरुवात केली. हिशोब असा की तांबं देशातच नाणं म्हणून मुरवलं की बाहेरच्या बाजारात त्याचा पुरवठा कमी होईल आणि भाव चढा राहील. पहिली नाणी चौकोनी होती, त्यांना क्लिपिंग म्हणतात. गोल नाणी 1627 पासून आली.

यातली मेख अशी, की नाण्याची किंमत त्यातल्या तांब्याइतकी असली पाहिजे असा आग्रह होता. तांबं चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणजे मोठ्या रकमेचं नाणं करायचं तर ते तेवढंच अवजड होणार. राणी क्रिस्टिनाच्या काळात, 1644 साली, आवेस्ता गावच्या टाकसाळीत 10 डालरचं नाणं निघालं (डालर हे तेव्हाचं मोठं चलन). वजन 19.7 किलो. ही नाणी म्हणजे तांब्याच्या आयताकृती लाद्याच. चार कोपऱ्यांत राजाचा शिक्का आणि साल, मधोमध किंमत. स्वीडिशमध्ये यांना प्लोतमिंत म्हणतात, मी इथे 'लादी' म्हणणार आहे. कर भरायचा तर बैलगाडी जुंपावी लागे.

आणि कागदी नोट जन्माला आली तीही याच ओझ्यातून. योहान पाल्मस्ट्रुक हा गृहस्थ स्टॉकहोल्ममध्ये बँक चालवत होता. 1660 साली सरकारने लादीचं वजन कमी केलं. लोकांना कळलं की आपण ठेवलेली जुनी लादी जास्त तांब्याची आहे, तेव्हा ठेवी काढायला झुंबड उडाली. बँकेने 1661 साली लाद्यांऐवजी कागद द्यायला सुरुवात केली. युरोपातल्या त्या पहिल्या बँकनोटा. नोटा वारेमाप छापल्या, बँक बुडाली आणि 1668 साली तिच्या जागी जी बँक उभी राहिली ती आजची रिक्सबँक, म्हणजे स्वीडनची मध्यवर्ती बँक.

तेव्हा पहिला धडा हा, की या नाण्यांचं वजन ही त्यांची ओळख आहे. चित्र नंतर.

2. सामान

- 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. सोनाराकडे असतो तसा, ऑनलाइन सहज मिळतो.
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग.
- व्यास मोजायला कॅलिपर. प्लास्टिकचा घ्या, धातूच्या टोकाने नाण्यावर ओरखडा उठतो.
- लोहचुंबक.
- पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे होल्डर, आणि सिलिका जेलच्या पुड्या.
- एक वही. फोन नव्हे, वही.

नाणी ओळखायला नुमिस्टा ही फुकट साइट पुरेशी आहे. स्वीडिश लिलावात मात्र नाण्यापुढे एस.एम. आणि एक क्रमांक दिसेल. तो 'स्वेरिगेस मिंत 1521–1977' या कॅटलॉगचा क्रमांक असतो. गंमत म्हणजे नाण्यावरही एस.एम. अशी अक्षरं असतात आणि त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. तो पुढच्या पायरीत.

3. नाण्यावरची अक्षरं वाचा

राजाचं नाव बहुतेकदा आद्याक्षरांत गुंफलेलं असतं. सी.आर.एस. म्हणजे कारोलुस रेक्स सुएसिए, स्वीडनचा राजा कार्ल. एफ.आर.एस. म्हणजे फ्रेडरिक पहिला (1720–1751). ए.एफ.आर.एस. म्हणजे आडोल्फ फ्रेडरिक (1751–1771). कार्ल लिहिताना लॅटिन 'सी' येतो, 'के' शोधत बसू नका. फुली मारलेले बाण दिसले तर ते डालार्नाचं चिन्ह, आपल्या फालुनच्या तांब्याकडे बोट दाखवणारं.

आता खरी भानगड. किमतीपुढे एस.एम. असेल तर सिल्वरमिंत, के.एम. असेल तर कोप्परमिंत. शब्दशः चांदीचं नाणं आणि तांब्याचं नाणं. पण दोन्ही नाणी तांब्याचीच! ही धातूची नव्हे, हिशोबाची नावं आहेत. ओरे म्हणजे डालरपेक्षा लहान चलन. एस.एम.मधला 1 ओरे म्हणजे के.एम.मधले 3 ओरे. फ्रेडरिक पहिल्याच्या काळात 1 ओरे के.एम. साधारण 4.7 ग्रॅमचं आणि 1 ओरे एस.एम. साधारण 14 ग्रॅमचं. तीन पट किंमत, तीन पट तांबं. काटा हातात असेल तर झिजलेल्या नाण्यावरचं अक्षर वाचायचीही गरज पडत नाही.

मी एकदा 'चांदीचं नाणं' अशा मथळ्याखाली विकायला ठेवलेलं 2 ओरे एस.एम. पाहिलं. विकणाऱ्याला फसवायचं होतं की त्यालाच कळलं नव्हतं, देव जाणे. 28 ग्रॅमचं तांबं होतं ते.

आणखी एक खाच. 'ओरे' हे एकच नाव बघून वजन ताडू नका. कार्ल अकराव्याच्या काळातलं (1660–1697) 1 ओरे एस.एम. 40 ग्रॅमच्या पुढे जातं, फ्रेडरिकचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. राजवट बदलली की तक्ता बदलतो. 1776 नंतर तर हिशोबच नवा, रिक्सडालर आणि शिलिंगचा. 1 रिक्सडालर म्हणजे 48 शिलिंग. लिहिताना 'स्किलिंग' दिसेल, उच्चार शिलिंग. 1855 साली दशमान पद्धत आली आणि त्यानंतरची 1, 2, 5 ओरेची नाणी काशाची, म्हणजे ब्राँझची आहेत. शुद्ध तांब्याची मजा तिथे संपते असं माझं मत, काशाच्या नाण्यांचे चाहते रागावतील.

4. काय जमवायचं ते ठरवा

सगळंच जमवायला निघालात तर वर्षभरात डबाभर मोड गोळा होईल. मला विचाराल तर सुरुवात फ्रेडरिक पहिल्याच्या 1 ओरे के.एम.पासून करा. भरपूर मिळतात, स्वस्त असतात आणि हात बसतो.

त्यानंतर थेट नेडमिंतकडे या. संकटकाळातली नाणी. माझ्या संग्रहाचा जीव यात अडकला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कार्ल बारावा वर्षानुवर्षं युद्धात होता, तिजोरी रिकामी. त्याचा सल्लागार बॅरन गॉर्ट्स. 1715 ते 1719 या काळात त्यांनी तांब्याची छोटी नाणी काढली आणि त्यांवर किंमत घातली 1 डालर एस.एम. आता काटा काढा. त्याच काळात 1 डालरच्या लादीचं वजन होतं साधारण 750 ग्रॅम. आणि हे नाणं चार ग्रॅमच्या आसपास! किंमत तीच. ज्या देशाला शंभर वर्षं 'जेवढं तांबं तेवढी किंमत' शिकवली, त्याला आता सांगितलं की राजावर भरवसा ठेवा. 1716 च्या नाण्यावर तर लॅटिनमध्ये 'पुब्लिका फिदे' असंच आहे, म्हणजे सार्वजनिक विश्वासावर.

एकूण दहा प्रकार आहेत. 1715 चा मुकुट, 1716 चं पुब्लिका फिदे, 1717 चं वेट ओक वापेन (अक्कल आणि हत्यार), 1718 चं फ्लिंक ओक फेर्दिग (चपळ आणि सज्ज). मग त्याच 1718 साली देवांची रांग लागली: ज्युपिटर, सॅटर्न, फीबस, मार्स, मर्क्युरी. सॅटर्नच्या नाण्यावर तो स्वतःचं मूल खाताना दाखवलाय. भिंगातून बघा, अंगावर काटा येतो. 30 नोव्हेंबर 1718 ला राजा नॉर्वेत फ्रेड्रिक्स्टेन किल्ल्याच्या वेढ्यात गोळी लागून गेला. गॉर्ट्सला पकडलं आणि 1719 च्या सुरुवातीला त्याचं डोकं उडवलं. दहावं नाणं त्या 1719 चं. त्यावर जहाजाचा नांगर घेतलेली एक बाई आहे आणि नाव 'होप्पेत', आशा. मग सरकारने या सगळ्या नाण्यांचं मूल्य पाडलं आणि ज्यांच्या घरी मडकी भरून ती होती ते बसले कपाळाला हात लावून.

दहाचा संच हे नवख्यासाठी उत्तम ध्येय आहे. मोजका, पूर्ण होण्याजोगा. आणि एक सूचना: 1719 नंतर यातली बरीच नाणी परत टाकसाळीत नेऊन त्यांवर 1 ओरे के.एम.चा छाप मारला. त्यामुळे साधं 1 ओरे हाती आलं तरी तिरप्या उजेडात धरा. माझ्याकडच्या एकावर मुकुटाच्या खालून जुन्या छापाची दोन अक्षरं डोकावतात. विकणाऱ्याने ते 'खराब छाप' म्हणून स्वस्तात दिलं होतं.

लादी? ती शेवटी. 10 डालरची लादी आयुष्यात मिळणार नाही, जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ती बघायला आवेस्ताच्या नाणेसंग्रहालयात जा. स्टॉकहोल्मला असाल तर हिस्टोरिस्का संग्रहालयाच्या इमारतीतलं एकोनोमिस्का संग्रहालयही बघण्यासारखं आहे. मात्र अठराव्या शतकातली अर्ध्या, 1 किंवा 2 डालरची लादी पैसे साठवून घेता येते.

आणि इथे आपल्याकडचा एक धागा येतो. 1776 साली लाद्या चलनातून बाद झाल्या आणि नुसतं तांबं उरल्या. 'निकोबार' नावाचं डॅनिश जहाज अशा हजारो लाद्या भरून भारताकडे निघालं होतं. 1783 साली ते दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. 1987 साली पाणबुड्यांना तो साठा सापडला आणि 3,000 हून जास्त लाद्या वर आल्या. डॅनिशांचं ठाणं तरंगंबाडी, म्हणजे तंजावरच्या मुलखात, आणि त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे तुळजाजी होते. जहाज पोचलं असतं तर त्या लाद्या वितळून बहुधा कुणाच्या तरी घरी हंडा-घंगाळ झाल्या असत्या. बुडालं म्हणून वाचल्या.

या निकोबारच्या लाद्या बाजारात मिळतात. समुद्राने खाल्लेल्या असतात, पृष्ठभाग खडबडीत, वजन मूळपेक्षा कमी, म्हणून जमिनीवर राहिलेल्या लादीपेक्षा त्या स्वस्त पडायला हव्यात. तोच भाव कुणी मागत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

5. खरेदी आणि फसगत

लोप्पिसला जा, मजा येते, पण चांगलं नाणं क्वचितच मिळतं. त्राडेरा या लिलाव साइटवर खूप माल असतो. महागडी वस्तू नाण्यांच्या नावाजलेल्या लिलावगृहातून किंवा दुकानातूनच घ्या. स्थानिक नाणेमंडळात नाव घाला. स्वेन्स्का नुमिस्मातिस्का फेरेनिंगेन ही देशपातळीवरची संस्था 1873 पासून आहे. स्वीडिश येत नसेल तरी अडत नाही, कॉफी आणि दालचिनीचा बन यांच्यावर सगळं निभावतं.

खड्डे कुठे आहेत ते सांगते.

दर्जाची भाषा. स्वीडिश पद्धतीत 0 म्हणजे सर्वांत उत्तम, जणू टाकसाळीतून आत्ताच निघालेलं. त्याखाली 01, मग 1+, मग 1, आणि 2 म्हणजे पार झिजलेलं. मी पहिल्यांदा '1+' वाचून एक नंबर माल समजून बोली लावली होती. नाणं वाईट नव्हतं, माझी बोली वाईट होती.

साच्यात ओतलेल्या नकला. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं. नकलेच्या कडेला जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर होतात. लाद्यांच्या शोभेच्या प्रतिकृतीही फिरतात. वजन आणि शिक्क्यांची कड बघा.

चुंबक. तांबं चिकटत नाही. 1917–1919 आणि 1942–1950 या, महायुद्धांच्या आणि त्यानंतरच्या काळात 1, 2, 5 ओरे लोखंडाचे निघाले. गंजले की तपकिरी दिसतात आणि ढिगात तांब्याच्या भावाने खपून जातात.

फोटोत गुलाबी चमकणारं जुनं तांबं दिसलं की समजा, कुणीतरी माझ्यासारखीच चिंच लावली आहे.

6. घासू नका, मुळीच नाही

तपकिरी, चॉकलेटी, काळपट हा थर नाण्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तो कळक वेगळा आणि हा थर वेगळा. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस भिजत ठेवा, मऊ कापडाने टिपा, पुसू नका. तेलकटपणा शुद्ध अॅसिटोनने जातो, खिडकी उघडी ठेवून आणि शेगडीपासून लांब.

फिकट हिरवी, बुरशीसारखी सुटणारी भुकटी दिसली तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर घाबरायचं कारण नाही.

नाणं कडेला धरायचं. बोटाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटतो. माझ्या एका मार्सच्या पोटावर माझाच अंगठा आहे.

7. शेतात शोधायला जाऊ नका

मित्राने मेटल डिटेक्टर घेतलाय, चला रविवारी, असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. स्वीडनमध्ये लेन्सस्टिरेल्सेन, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या परवान्याशिवाय तो वापरता येत नाही. जमिनीत सापडलेली जुनी तांब्याची वस्तूही आधी सरकारला देऊ करावी लागते. विकणाऱ्याने 'आमच्या शेतात मिळालं' म्हटलं तर कागद मागा, नसतील तर राहू द्या.

8. कागद आणि भारतात नेणं

प्रत्येक खरेदीची पावती ठेवा. लिलावातलं असेल तर क्रमांक आणि पानाचा फोटो, निकोबारची लादी असेल तर तिचं प्रमाणपत्र. देशाबाहेर न्यायचं असेल तर परवाना लागेल का, हे विक्रेत्याला खरेदीआधी लेखी विचारा. भारतात पार्सल मागवताना कस्टम्सच्या अर्जावर 'भेट' लिहायचा मोह टाळा, खरी किंमत आणि साल लिहा.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. भारताच्या 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. सुट्टीत मामाला दाखवायला संग्रह पुण्याला नेलात आणि परत येताना विमानतळावर अडलात, तर पंचाईत तुमची. फोटो दाखवा. मी तेच करते.

9. पाकिटावर काय लिहायचं

नाणं घरी आलं की त्याच दिवशी. उद्यावर टाकलं की विसरतं. माझ्या एका पाकिटावरची नोंद जशीच्या तशी देते:

होप्पेत, 1719. किंमत 1 डालर एस.एम. तांबं. वजन 4.12 ग्रॅम. दर्जा 1. उजवीकडे कडेला जुना ठोका. स्थानिक बैठकीत आजोबांकडून, 1734 च्या धुतलेल्या नाण्याच्या बदल्यात. ते म्हणाले, "नवख्यांना दाखवायला मला एक धुतलेलं हवंच होतं."